ठमा काही उभी राहीना

आमची ठमा दीड वर्षाची होत आली तरी उभी राहत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आता ती दोन लेकरांची आई आहे आणि जिना चढताना दोन-दोन पायऱ्या एकदम घेते. मी मागे राहिले की वरून हाक मारते, "आई, आटप ना." मी आटपते. पण गुडघे कुरकुरायला लागले की मला त्या दोन खोल्या आठवतात आणि वाटतं, तेव्हा कोणी सांगितलं असतं की ही पोरगी मला असं दमवणार आहे, तर मी त्याचे पाय धरले असते.

त्या दोन खोल्या चष्म्याच्या दुकानाच्या वर होत्या. खाली दुकानात मी कामाला होते. काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करायच्या, दांड्या गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसतात का ते बघायचं, स्क्रू पिळायचे. दुकानाचे मालक, त्यांना सगळे काकाच म्हणत, डोळे तपासायचे. ठमा झाल्यावर काका आपणहून म्हणाले, "वर एकटी कशाला ठेवतेस? खाली आण. इथे काचा सोडून सगळं तिचंच." मग काउंटरच्या मागे एक जुनी सतरंजी घातली आणि चष्म्यांच्या रिकाम्या डब्या तिच्यापुढे ओतल्या. दिवसभर डब्या उघडायच्या, बंद करायच्या. ती डबी मिटल्याचा टपकन आवाज अजून माझ्या कानात आहे. आमचे हे बस डेपोत मेकॅनिक होते, ब्रेकचं काम करायचे. संध्याकाळी हातांना साबण चोळचोळून वर यायचे, तरी नखांत काळं राहायचंच. ठमा त्यांची नखं एकेक करून तपासायची.

बसायला ती वेळेवर लागली. इतकी छान बसायची की काका तिला शेठाणी म्हणत. घोडं अडलं ते त्यानंतर. रांगणं तिला मंजूरच नव्हतं. एक हात बाजूला टेकवायचा, एक पाय दुमडून आत घ्यायचा आणि बसल्या बसल्याच, होडी वल्हवावी तशी सरकत जायची. वेग असा की खालून वर बघेपर्यंत ही दाराशी. आणि उभी करायला जावं, तर बगलेत हात घालून उचलल्याबरोबर दोन्ही पाय समोर ताठ करायची. पाय जमिनीला लागूच द्यायची नाही. हवेतच खुर्ची मांडून बसल्यासारखी.

पहिल्यांदा आम्ही दोघंही हसलो होतो. मग मी हसायची थांबले.

जिन्याच्या पलीकडच्या खोलीत एक शिंपीण राहायची. तिचा गुंड्या आमच्या ठमाच्याच महिन्यातला. तो वर्षाचा व्हायच्या आधीच जिन्यात धावायला लागला होता, आणि त्याच्या मागे धावून शिंपिणीच्या नाकी नऊ आले होते. बाई मनाने वाईट नव्हती. पण रोज सकाळी दार उघडलं की तिचा पहिला प्रश्न तोच. "उभी राहिली का गं?" मी म्हणायची, "नाही अजून." ती म्हणायची, "राहील हो. आमच्याला तर नको तेवढी घाई." मग तिने गुंड्याची ढकलगाडी आणून दिली, धरून चालायला शिकेल म्हणून. ठमाने गाडी उलटी केली, तिच्यावर बसली आणि डब्या मागितल्या.

माझ्या आईला फोन केला की ती सांगायची, तू वर्षाच्या आत चालत होतीस, मावशीची मुलंही तशीच, आपल्याकडे सगळी चपळ. मला धीर द्यायला सांगायची, पण फोन ठेवला की मी ठमाचे महिने पुन्हा बोटांवर मोजायची. मी तेल लावून पाय चोळायची, तळपायाला गुदगुल्या करायची, टेबलाच्या कडेवर खेळणी मांडून ठेवायची. ठमा खालून बोट दाखवायची, म्हणजे मी काढून द्यावं.

दुकानात कुठलंही मूल आलं की माझी नजर त्याच्या पायांवर. आईबाप त्याचे डोळे तपासायला घेऊन यायचे आणि मी विचारायची, "हा कितव्या महिन्यात चालायला लागला हो?" एकदा काकांनी मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाले, "बाई, त्या पोराला अक्षरं दिसत नाहीत म्हणून आणलंय. आपण चपलांचं दुकान नाही काढलेलं."

यांना मात्र काही वाटत नाही असं मला वाटे. एका संध्याकाळी हे ठमाला पोटावर बसवून पडले होते. म्हणाले, "चालेल गं. कोणी आयुष्यभर बसून राहिलंय का?"

मी म्हटलं, "राहतात. काही राहतात."

यांनी ठमाचे पाय हातात घेतले आणि बराच वेळ दाबत राहिले, गाडीखाली शिरून एखादा भाग चाचपावा तसे. तेव्हा मला कळलं की भीती यांनाही आहे, फक्त तोंडाला कुलूप आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर चित्रांची एक ओळ होती. पालथं पडलेलं बाळ, बसलेलं बाळ, रांगणारं, धरून उभं राहिलेलं आणि शेवटी हात पसरून चालणारं. मागच्या कितीतरी खेपा मी त्या ओळीकडे बघत बसले होते, आणि आमची गाडी आपली दुसऱ्याच चित्रापाशी उभी. डॉक्टरीणबाईंनी ठमाला निजवून कंबर, गुडघे, घोटे सगळं वळवून पाहिलं. गुडघ्यावर टिचकी मारली. मग तिला जमिनीवर सोडलं. ठमा होडी वल्हवत थेट त्यांच्या टेबलाखाली गेली.

"अच्छा, अशी सरकते होय," त्या म्हणाल्या. "बघा, मला हिच्यात काही वावगं दिसत नाही. अशी सरकणारी मुलं उशिराच चालतात, आणि पुष्कळदा ते घराण्यात असतं. तुमच्यापैकी कोणी लहानपणी उशिरा चाललं होतं का?"

मी माझ्या माहेरचा सगळा चपळपणा सांगितला. मग त्यांनी यांच्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," हे म्हणाले.

"आईला विचारून सांगा."

"आई नाही. वडीलही नाहीत."

"मग दुसरं कोणी? ज्यांनी तुम्हाला लहानपणी पाहिलंय?"

हे खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे. कळलं असतं तर बरं झालं असतं, इतकंच. मोठ्या इस्पितळात एकदा स्नायूंची तपासणी करून घेऊ, चिठ्ठी देते." स्नायू हा शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत आले.

पाहणारं माणूस होतं. यांची मोठी बहीण, अक्का. हे चार वर्षांचे असताना यांची आई गेली. वडील बोटीवर कामाला, महिनोन्महिने घरी नसायचे. अक्का तेव्हा शाळेत होती. तिने शाळा सोडली आणि भावाला वाढवलं. त्याचं जेवण, त्याचा अभ्यास, ताप आला की उशाशी बसणं, सगळं तिचं. बरोबरीच्या मैत्रिणींची लग्नं झाली, मुलं शाळेत जायला लागली, तरी ही भावाच्या डब्याचं बघत होती. आणि मग, हे डेपोत उमेदवारीला लागले त्या वर्षी, तिने नदीपलीकडच्या एका बेकरीवाल्याशी लग्न ठरवलं. तो वयाने बराच मोठा, बायको वारलेली. यांना ते सहन झालं नाही. "मला टाकून चाललीस," असं म्हणाले आणि लग्नाला गेले नाहीत. अक्का आमच्या लग्नाला आली होती. मागे दाराशी उभी राहिली, मला लांबूनच हात केला आणि न जेवता गेली. ती कोण, हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी भांडी विसळताना मी म्हटलं, "अक्कांना विचारू या."

हे म्हणाले, "नळ गळतोय वाटतं," आणि पाना शोधायला लागले. नळ गळत नव्हता.

मी दोन दिवस वाट पाहिली. मग काकांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, ठमाला कडेवर घेतलं आणि पुलापलीकडे जाणारी बस पकडली. यांना ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं होतं, पण मी डेपोतल्या मेकॅनिकची बायको आहे हे विसरले. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "वहिनी, आज इकडे कुठे?" मी म्हटलं, "सहज." त्याने मला बेकरीच्या थांब्यावर उतरताना पाहिलं, आणि तेवढं पुरे होतं.

बेकरी लहानशी होती. पुढे काचेचं कपाट, मागे भट्टी, आणि मधल्या जागेत लांब लाकडी टेबल. सकाळचा पाव संपून दुपारची बिस्किटं लागायची होती. गरम पिठाचा वास असा दाटला होता की पोट भरलेल्या माणसालाही भूक लागावी. अक्का टेबलाशी उभी राहून कणीक मळत होती. कोपरापर्यंत हात पांढरे. तिने मान वर करून आधी मला पाहिलं, मग ठमाला. ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही.

"बाळ्याची ना ही?" ती म्हणाली.

बाळ्या म्हणजे आमचे हे. हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी पुष्कळ काही ठरवून गेले होते, आधी चौकशी, मग माफी, मग विषय. त्यातलं काही जमलं नाही. मी एकदम म्हटलं, "अक्का, ही चालत नाही. उभीसुद्धा राहत नाही. हे लहानपणी कधी चालायला लागले, तुम्हाला आठवतं का?"

अक्काने हात झटकले. "खाली सोड बघू तिला."

"जमिनीवर पीठ आहे."

"मग काय झालं, बेकरी आहे. सोड."

मी सोडलं. ठमाने इकडेतिकडे पाहिलं, हात टेकवला, पाय आत घेतला आणि निघाली. पीठ सांडलेल्या फरशीवरून ती सरळ भट्टीकडच्या पोत्यांपर्यंत गेली, मागे झाडू मारल्यासारखा रुंद पट्टा सोडत. अक्का बघत राहिली. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग ती मोठ्याने हसली, आणि हसता हसताच टेबलाला धरून स्टुलावर बसली. डोळे पुसायला गेली तर गालाला पीठ लागलं.

"अगं, हा बाळ्याच आहे," ती म्हणाली. "तोच हात, तोच पाय. बाळ्या असाच जायचा. चड्ड्या बुडाला फाटायच्या सगळ्या. आई कंटाळली. शेवटी बाबांच्या जुन्या रेनकोटचे तुकडे कापून तिने चड्ड्यांना मागून ठिगळं लावली. हा सरकायला लागला की सर्रसर्र आवाज यायचा. घरात कुठेही असला तरी कळायचं."

"आणि चालले कधी?"

"दोन वर्षांचा व्हायला आला होता. आईने काय कमी जीव टांगणीला लावून घेतला? चार ठिकाणी दाखवलं. मला म्हणायची, तू तरी खरं सांग, याचे पाय बारीक वाटतात का?"

मी पण तिथेच पोत्यावर बसले. आतून अक्काचे यजमान आले, उंच, वाकलेले, भुवयांवर पीठ. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. ठमाला एक कोमट बिस्किट दिलं आणि परत भट्टीकडे गेले.

इतक्यात दुकानाच्या दारात हे उभे. डेपोतल्या कपड्यांतच आले होते, हाताला ग्रीस तसंच. कंडक्टरने परतताच बातमी पोचवली होती आणि हे मिळेल त्या बसने निघाले होते. चेहरा असा की मी उठूनच उभी राहिले.

"घरी चल," हे मला म्हणाले. अक्काकडे बघितलं नाही.

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "बाळ्या, आधी हात धू. खायच्या वस्तू आहेत इथे."

हे तसेच उभे राहिले. मग, मला अजून त्याचं नवल वाटतं, कोपऱ्यातल्या मोरीकडे गेले आणि हात धुवायला लागले. सवयीचं होतं ते. इतकी वर्षं त्या बाईने यांना हात धुवायला सांगितलं होतं, आणि राग कितीही असला तरी हातांना ते माहीत होतं. अक्काच्या यजमानांनी साबण पुढे केला. हे म्हणाले, "असू द्या, दाजी." दाजी म्हटलं, ते यांच्याही लक्षात आलं असेल, कारण मान पटकन खाली गेली.

अक्काने मघाचंच सगळं पुन्हा सांगितलं, रेनकोटच्या ठिगळांसकट. हे पाठमोरे होते, हात धुऊन झाले तरी नळ चालू होता. मग तिने पुढचं सांगितलं, जे मलाही सांगितलं नव्हतं.

"आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत होते. तू टोपलीशी बसला होतास. एक चादर खालपर्यंत लोंबत होती. तू ती धरलीस, उभा राहिलास आणि चादरीच्या कडेकडेने चालत दोरीच्या टोकापर्यंत गेलास. जसा काही रोजच चालतोस. तिथे वळलास आणि चादर सोडून तसाच आईकडे आलास. आईच्या हातातले ओले कपडे खाली पडले. सगळे परत धुवावे लागले."

यांनी नळ बंद केला. "रडली का ती?"

"नाही. खाली बसली आणि तुला म्हणाली, कुठे होतास रे इतके दिवस?"

भट्टीत काहीतरी कडकडलं. हे वळून म्हणाले, "मला तिचा चेहरा आठवत नाही, अक्का. आवाज पण नाही."

"मला आठवतो ना," अक्का म्हणाली. "तू विचारायला आलास कुठे?"

"मी तुझ्या लग्नाला..."

"माहीत आहे मला. बस आता. ते पोतं कोरडं आहे."

हे बसले. ठमा पोत्याशी सरकत आली आणि यांची नखं तपासायला लागली.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. तरी त्या म्हणाल्या, तपासणी करून घ्या, मनात किंतू नको. आम्ही मोठ्या इस्पितळात जाऊन आलो. आमच्याबरोबर अक्काही आली, बरोबर बिस्किटांचा डबा. स्नायूंत काही दोष निघाला नाही. मी त्या रात्री खूप दिवसांनी गाढ झोपले. शिंपिणीने सकाळी विचारलं तर मी म्हटलं, "आमच्या घराण्यात घाई नसते." ती बिचारी बघतच राहिली.

ठमा चालली ती त्यानंतर तीनेक महिन्यांनी, आणि चालली ती भलत्याच वेळी. मी काच घासत होते. काका आत एका जाड्या गृहस्थांचे डोळे तपासत होते, त्यांचा चष्मा काढून ठेवलेला. मशीन थांबवलं तर डब्यांचा आवाज येत नव्हता. वळून पाहते तर ठमा काचेच्या कपाटाला धरून उभी. मी हाक मारली नाही, श्वासच घेतला नाही. तिने कपाट सोडलं, दोन्ही हात पसरून डुलत डुलत आत गेली आणि त्या गृहस्थांची पँट घट्ट धरली. त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं. ते म्हणाले, "कोण आहे?" काकांनी हातातली काच खाली ठेवली आणि म्हणाले, "आमची शेठाणी आहे. पायी आली आहे." मी तिथेच दाराशी टेकले आणि रडले.

हे संध्याकाळी आले. मी सांगितलं, काकांनी सांगितलं, शिंपिणीनेही सांगितलं. ठमाने मात्र यांच्यासमोर हवेत खुर्ची मांडली. चार दिवस हे रोज तिच्यापुढे उकिडवे बसायचे आणि ती यांच्याकडे सरकत यायची. शेवटी डेपोतल्या फोनवरून अक्काला म्हणाले, "चालते म्हणे. मी काही पाहिलेलं नाही." पाचव्या दिवशी हे जिन्यातून वर आले तर ठमा दारात उभी होती. तिने यांच्या जेवणाच्या डब्याकडे हात केला आणि चालत आली. यांनी तिला उचललं नाही. डबा हातात तसाच, बघत राहिले.

पुढे कितीतरी वर्षं दर रविवारी आम्ही पुलापलीकडे जात असू. बेकरी दुपारी बंद असायची, पण भट्टी कोमट असायची. ठमा आणि दाजी कणकेचे उंदीर करायचे. अक्का पाय पसरून बसायची आणि हे तिच्याशेजारी पोत्यावर. मग एकेक निघायचं. आई कशी चालायची, कोणत्या गोष्टीला हसायची, बाबा बोटीवरून आले की दारातच काय म्हणायची, केस विंचरताना तोंडात पिन धरून कशी बोलायची. अक्काने जेवढं होतं तेवढं सगळं दिलं. शेवटी शेवटी तिच्याजवळचं संपलं आणि ती सांगितलेलंच पुन्हा सांगायला लागली. कधी मला हसू यायचं, मी यांच्याकडे बघायची. हे माझ्याकडे बघायचे नाहीत. पुढे वाकून, बिस्किट हातात तसंच धरून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे तिला विचारायचे, "मग?"